फोनवर सगळं बरंच असतं

आधी माफी मागतो. हे लिहायचा मला अधिकार आहे असं मला मनापासून वाटत नाही. आजार माझ्या बहिणीला झाला. सुया तिने टोचून घेतल्या, केस तिचे गेले. तिच्या उशाशी आई बसली आणि रांगांमध्ये अण्णा उभे राहिले. मी बहुतेक काळ तिथे नव्हतोच. मी संगमनेरला समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे तास करत होतो. लिहायची सवयही मला नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. कुणाला अर्ज लिहून हवा असला की लोक माझ्याकडे येतात, आणि आजवर माझं लिहिणं तेवढंच होतं.

हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात एक ताई आहेत, त्यांनी सांगितलं म्हणून हे लिहितोय. त्या म्हणाल्या की आजारातून गेलेल्यांनी लिहिलेलं आमच्याकडे आहे, जवळ राहून सेवा केलेल्यांनी लिहिलेलंही आहे, पण मागे राहिलेल्या भावंडांचं काहीच नाही. मी म्हणालो, मागे राहिलेल्याला काय होतं, लिहिण्यासारखं? त्यांनी थोडे कोरे कागद माझ्यापुढे ठेवले. ते बरेच दिवस माझ्या बॅगेत पडून होते.

यात डॉक्टरी माहिती नाही. ती मी चुकीची लिहीन अशी मला भीती वाटते. उपचारही अजून संपलेले नाहीत. जे मला दिसलं आणि जे दिसलं नाही, तेवढंच लिहितो.

पेन धरताना

माझ्या बहिणीचं नाव संघमित्रा. घरात आम्ही तिला मित्रा म्हणतो. हे सुरू झालं तेव्हा ती चौथीत होती. आमचं गाव जामखेड तालुक्यात, खर्ड्यापासून जवळ. अण्णा गवंडीकाम करतात आणि आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो होतो. मित्रा ओट्यावर अभ्यास करत बसली होती आणि तिने पेन विचित्र धरला होता, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात. मी तिला चिडवलं की चौथीत येऊन पेन धरायचं विसरलीस का. ती म्हणाली, "असं धरलं की दुखत न्हाई." मग मी हात बघितला. उजव्या हाताच्या पंजावर, मधल्या बोटाच्या मागे, बोराएवढी सूज होती. लाल नव्हती, जखम नव्हती. कधी आली, तिलाही नीट सांगता येईना. खेळताना लागलं असेल, असं सगळ्यांनीच धरून चाललं.

आमच्याकडे हात-पाय मुरगळला की शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांकडे जातात. ते तेल लावून चोळतात आणि बांबूच्या कामट्या बांधतात. मित्रालाही नेलं. दोनदा चोळून घेतलं. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा बाबांनी हात हातात घेतला, सुजेवरून अंगठा फिरवला आणि तेलाची वाटी बाजूला सारली. हे माझं काम नाही, फोटो काढून घ्या, म्हणाले. एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणतात. अशी गाठ चोळायची नसते हे नंतर आम्हाला कळलं. ज्याला हे वाचून उपयोग होईल त्याच्यासाठी सांगतो: मुलाच्या हाडावर विनाकारण सूज दिसली तर आधी फोटो काढा.

जामखेडच्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. त्यांनी नगरला पाठवलं. आता नाव बदललंय, पण आमच्या तोंडात नगरच आहे. नगरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. प्रत्येक ठिकाणी लोक आमच्याशी जास्त मऊ बोलू लागले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

नाव कळलं तो दिवस

मुंबईला गाठीचा तुकडा तपासायला घेतला. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो, कारण अण्णांनी सांगितलं होतं की तिथं इंग्रजी बोलतात. आई मित्राला घेऊन बाहेर बाकावर बसली. आत अण्णा आणि मी.

डॉक्टर मॅडम हिंदीत बोलत होत्या, मध्ये मध्ये इंग्रजी. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मला तेव्हा नीट उच्चारताही आलं नाही. हाडाचा कॅन्सर, मुलांना होतो, पण हाताच्या पंजात फार क्वचित. मी मान डोलवत होतो. वर्गात न कळलेल्या गोष्टीवर डोलवतो तशी. मग त्यांनी पुढचं सांगितलं. आधी काही महिने औषधं द्यायची. गाठ आकसली तर पंजातलं तेवढंच हाड काढायचं आणि त्या जागी पायातल्या हाडाचा तुकडा बसवायचा. हात राहील. नाही आकसली, किंवा काढलेल्या हाडाच्या कडेला आजार उरलेला सापडला, तर हात ठेवण्याच्या नादात मुलगी घालवायची नाही. हे शेवटचं त्या अगदी सावकाश बोलल्या.

मी अण्णांना मराठीत सांगायला लागलो. शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. अण्णा म्हणाले, "सांग की. मला थोडं कळलंय." मग सांगितलं. अण्णा टेबलाकडे बघत म्हणाले, "म्हंजे खांब काढायचा आन् स्लॅब हाय तसा ठिवायचा. टेकू लावून." त्यांना ज्या भाषेत समजतं त्या भाषेत त्यांनी ते आपल्यापुरतं लावून घेतलं. मी मॅडमना हिंदीत सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, जवळपास तसंच. आणि खांब काढल्यावरच कळेल, की भिंत चांगली आहे का.

बाहेर आलो. आईने आमची तोंडं बघितली आणि मित्राची ओढणी सारखी करू लागली. मित्रानेच विचारलं, काय म्हणाल्या. मी तिला निम्मं सांगितलं. हातातलं खराब हाड काढतील आणि पायातलं एक हाड घेऊन तिथे बसवतील.

मित्राने विचार केला. "मग हाताला चप्पल घालावी लागंल का?"

आई हसली, आणि हसता हसता तिने पदर तोंडात धरला. उरलेलं निम्मं मित्राला कुणीच सांगितलं नाही.

काउंट

औषधांची पहिली फेरी सुरू झाली तेव्हा मी तिथे राहिलो. हॉस्पिटलजवळच्या एका धर्मशाळेत आम्हाला जागा मिळाली. एका मोठ्या खोलीत पडदे लावून कुटुंबं राहायची. स्वयंपाकाला पाळी असायची. सकाळी तपासणीला रक्त द्यायचं, मग बसायचं, मग काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, कळायचे. काउंट चांगले असले तर औषध, पडले असले तर परत धर्मशाळा. तिथे माणसं एकमेकांना बरं आहे का असं विचारत नाहीत, काउंट काय आले असं विचारतात. सहीसुद्धा जपून करणारी माझी आई आठवडाभरात तो शब्द असा वापरू लागली की जणू तो भाकरी-भाजीइतकाच जुना होता.

आईला मित्राची वेणी रोज घालायची सवय. एका सकाळी ती घालायला बसली आणि अर्धी वेणी तिच्या हातातच आली. आई ती हातात धरून तशीच बसली. मित्रा मागे वळून बघत म्हणाली, "दादा, तुझं केस दे. तुला कुठं येनी घालायचीय." मी म्हणालो घे. ती म्हणाली, "नको, कोंडा हाय."

एक केरळच्या सिस्टर होत्या. सुया नेहमी डाव्या हातालाच द्यायच्या हे त्यांनी पहिल्या दिवशी मित्राला समजावलं आणि उजव्या मनगटाला निळी पट्टी बांधली. ह्या हाताला कुणी हात लावायचा नाही. मित्राने ते फार मनावर घेतलं. औषध द्यायला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही ती म्हणायची, "पट्टी बघा आधी." इतक्या सगळ्यांत ती एवढी एकच गोष्ट होती जी तिला विचारून व्हायची. मला वाटतं त्या सिस्टरना ते माहीत असावं.

मग अण्णांनी मला परत जायला सांगितलं. मी नाही म्हणालो. माझं वर्ष गेलं तरी चालेल म्हणालो. अण्णा सहसा चिडत नाहीत. ते म्हणाले, "एकजन आजारी हाय तेवढं पुरं. चौघं नको." आईचंही तेच मत होतं. मित्रा तोंड फिरवून पडली होती. मी जातो म्हणालो तेव्हा तिने डावा हात हलवला.

संगमनेर

वसतिगृहात माझ्या खोलीत किरण नावाचा मुलगा आहे. त्याचं गाव संगमनेर तालुक्यातच, घरी गाई आहेत. दर रविवारी तो घरी जातो आणि येताना काहीतरी खायला आणतो. चांगला मुलगा आहे, पण त्याला मी काही सांगितलं नाही. कुणालाच नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, हात कापणार का? गावात लोक तेच बोलायला लागले होते, हे मला शेजारच्या एकाने फोन करून सांगितलं होतं. काहीजण तर कापला असंच म्हणत होते. ज्याचं उत्तर मला माहीत नाही तो प्रश्न मला रोज ऐकायचा नव्हता.

पण मग असं झालं की दिवसभर मी चाळीस मुलांमध्ये असायचो आणि माझ्याजवळ कुणीच नसायचं. मेसमध्ये मुलं भाजीवरून भांडत, मीही त्यांच्यात हसायचो. मनात एकच चालायचं, आज काउंट काय आले असतील. कॉलेजच्या लायब्ररीत मी हाडांवरचं एक पुस्तक काढून बसलो होतो, दोन पानांनंतर मिटून ठेवलं. चित्रातला हात मोठ्या माणसाचा होता.

मी डाव्या हाताने लिहायची सवय करायला लागलो. उजवा हात गेलाच तर तिला शिकवायला कुणीतरी लागेल, आणि आधी मला आलं तर तिला सोपं जाईल असं मला वाटलं. दुपारी खोलीत कुणी नसताना मी बाराखडी काढायचो. ज्ञ जमायचा नाही. किरणने एकदा पकडलं आणि म्हणाला, "काय रे, दोन्ही हातांनी पेपर लिहून दोन वर्षं एकदम पास होनार का?" मी हसण्यावारी नेलं.

संध्याकाळी अण्णांचा फोन यायचा. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. बरं हाय, जेवला का, अभ्यास कर. एवढंच. मित्रा बरी असली तर फोनवर यायची आणि मला घालूनपाडून बोलायची. ती आली नाही की अण्णा म्हणायचे झोपलीय. कधी कधी पाठीमागे तिच्या ओकारीचा आवाज यायचा आणि अण्णा म्हणायचे झोपलीय.

आमच्याकडची रीत

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे वाईट बातमी फोनवर देत नाहीत. कर्जतला माझ्या आत्याचे मालक वारले तेव्हा आम्हाला फोन आला तो असा: तसं बरं हाय, पर तुमी येऊन जावा. आईने फोन ठेवला आणि काहीही न विचारता लुगडं बदललं. सगळ्यांना कळलं. पण कुणी बोललं नाही, वाटेतही नाही. गाडीतून उतरून आत्याच्या दारापर्यंत गेल्यावरच आईने रडायला सुरुवात केली. असा निरोप आला की उलट फोन करून विचारायचं नसतं. विचारलं की सांगणाऱ्याला ते तोंडाने म्हणावं लागतं, आणि ऐकणारा माणूस वाटेत एकटा असतो, त्याला कुठे काही झालं तर? ही रीत मायेपोटीच पडली असणार. एकट्या माणसाला रस्त्यावर बातमी गाठू नये म्हणून.

पण लांब राहणाऱ्याचं काय होतं, ते मला त्या महिन्यांत कळलं. बरं असलं तरी बरं हाय, आणि नसलं तरी बरं हाय. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच. मग तो आवाजावरून ओळखायला बघतो. अण्णा खोकले का, मध्ये थांबले का, जेवला का आधी विचारलं की नंतर. फोन ठेवल्यावर मी ते सगळं परत परत आठवायचो. ज्यांची मुलं अशी लांब आहेत त्यांना मला सांगावंसं वाटतं: त्यांना खरं सांगा. खरं ऐकून माणूस रडतो आणि मग जेवतो. मला तर जेवणच जात नव्हतं.

ऑपरेशन

गाठ आकसली. हे मात्र अण्णांनी सांगितलं, कारण मित्रानेच फोन ओढून घेऊन ते आधी सांगून टाकलं होतं. ऑपरेशन ठरलं, काउंट पडले म्हणून पुढे गेलं, परत ठरलं. शेवटी झालं ते माझ्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होतो. फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं असतं. मी बघत होतो, आणि बघता बघता फ्लास्क गडद झाला. सरांनी परत करायला लावलं. परतही तसंच झालं.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. झालं म्हणाले. मी विचारलं, हात?

"बांधलाय."

"कुठपर्यंत?"

"कोपरापातूर." मग थांबून म्हणाले, "बरं हाय. जेवला का?"

मला विचारायचं होतं की बांधलेल्याच्या आत काय आहे. मला विचारता आलं नाही. पुढचे काही दिवस तेच. बांधलाय, बरं हाय. मित्रा झोपलीय.

आणि मग एका संध्याकाळी, मेसची घंटा झाली होती तेव्हा, फोन आला. अण्णांचा आवाज घोगरा होता. ते म्हणाले, "सिदू, सगळं बरं हाय. तू येऊन जा."

जेवला का हे त्यांनी विचारलं नाही.

मी फोन हातात धरून कॉटवर बसलो. किरण ताट घेऊन निघाला होता, तो थांबला. काय झालं म्हणाला. मी म्हणालो, माझी बहीण मुंबईला हॉस्पिटलमध्ये आहे, वडिलांचा फोन आला, सगळं बरं आहे, येऊन जा म्हणाले. एवढंच मी बोललो. पण किरणही याच जिल्ह्यातला. त्याने ताट ठेवलं आणि माझ्या शेजारी बसला. काय झालंय, कधीपासून, मला का सांगितलं नाहीस, असलं काही त्याने विचारलं नाही. म्हणाला, "सकाळच्या पहिल्या गाडीला जाऊ. नाशिकपर्यंत मीबी येतो."

मी बॅग भरली. दोन कपडे, टॉवेल, आणि विहारात जाताना घालतो तो पांढरा शर्ट. तो का घेतला, हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

प्रवास

नाशिकपर्यंत किरण खिडकीकडे तोंड करून बसला होता. उतरल्यावर त्याने मला मुंबईच्या गाडीत बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभा राहिला. इतके महिने मी त्याला सांगायला घाबरलो होतो, आणि आता तो नसताना मला ती सीट फार मोठी वाटली.

फोन खिशात होता. अण्णांचा नंबर सगळ्यात वर होता. कसारा घाटात मी एकदा तो काढला आणि परत ठेवला. मी शिकलेला मुलगा, विज्ञानाचा विद्यार्थी, एक बटण दाबायचं होतं. नाही दाबलं. दाबलं असतं तर अण्णांना ते म्हणावं लागलं असतं, आणि ते जिथे उभे असतील तिथे त्यांच्या आजूबाजूला कोण होतं मला माहीत नव्हतं.

मी मनात त्रिशरण म्हणत होतो. मधेच विसरायचो आणि परत पहिल्यापासून सुरू करायचो. मित्रा सागरगोटे खेळते ते डोळ्यांपुढे येत होतं. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत बाकीचे गोळा करायचे, उजव्याच हाताने. त्यात तिला गल्लीत कुणी हरवत नाही, आणि हरलेल्याला ती दिवसभर सोडत नाही. मी स्वतःशी सौदा करत होतो. हात गेला असला तरी चालेल. ती असू दे. मग वाटायचं की हे म्हणणारा मी कोण, हात काय माझा आहे?

शेजारी बसलेल्या काकांनी कुठे निघालास विचारलं. बहिणीकडे, म्हणालो. त्यांना वाटलं तिचं सासर मुंबईत आहे. मी तसंच राहू दिलं.

अण्णा

अण्णा गेटपाशी उभे होते. दाढी वाढलेली, शर्ट ओळखीचा पण अंगावर मोठा झालेला. मला बघितल्यावर त्यांचे डोळे भरले. त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली आणि चालायला लागले. मी त्यांच्या मागे. ते वॉर्डाच्या इमारतीकडे वळले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. ते मला बाह्यरुग्ण विभागाच्या इमारतीत घेऊन गेले, डॉक्टर मॅडमच्या खोलीसमोरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः बसले.

मी विचारलं, "मित्रा?"

"वार्डात हाय की. सकाळी इडली खाल्ली. एक मला दिली न्हाई."

मी बाकाची कड धरली. अण्णा माझ्याकडे बघत होते आणि त्यांना कळत नव्हतं.

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही फोनवर म्हणालात, सगळं बरं हाय, येऊन जा."

"व्हय. बरंच हाय म्हनलं की मी."

"म्हणूनच."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आपल्या मांडीवरच्या माझ्या बॅगेकडे. मग त्यांना कळलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, सिमेंटने चिरलेला हात, आणि बराच वेळ तसाच ठेवला. माझ्या ध्यानातच आलं न्हाई, असं काहीतरी ते पुटपुटले.

मग त्यांनी का बोलावलं ते सांगितलं. हात ऑपरेशनमध्ये ठेवला होता. पाची बोटं पट्टीच्या बाहेर दिसत होती. पण काढलेल्या हाडाची तपासणी बाकी होती, आणि कडेला काही सापडलं तर परत आत जावं लागणार होतं, आणि मग हात राहणार नव्हता. म्हणून ते मला इतके दिवस नुसतं बांधलाय म्हणत राहिले. आज वाचला म्हणायचं आणि उद्या नाही म्हणायचं, हे त्यांच्याने होणार नव्हतं.

"काल रिपोर्ट आला," अण्णा म्हणाले. "मॅडमनी मला सांगितलं. मला हिंदी कळती, तुला म्हाईत हाय. पर मला वाटतंय मी माझ्या सोयीचं ऐकलं. वार्डात जाऊन तुझ्या आईला काय सांगू? अजून सांगितलं न्हाई. आदी तू ऐक."

मी विचारलं, काय ऐकलंत तुम्ही?

"मी न्हाई सांगनार. तू तुझं ऐक."

मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. त्यांना मी आठवत होतो. त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला आणि बोट ठेवत ठेवत सांगायला लागल्या, आणि या वेळी मी मान डोलवली नाही. जे कळलं नाही ते परत विचारलं. एक गोष्ट तर मी तीनदा विचारली आणि त्यांनी तिन्ही वेळा न चिडता सांगितली. औषधांच्या फेऱ्या अजून राहिल्या आहेत. पायातलं हाड हातात रुजायला वेळ लागेल. बोटं आखडतील, व्यायाम करून घ्यावा लागेल, ती रडेल, तरी करून घ्यावा लागेल. पुढची काही वर्षं तपासणीला यायचं आहे. हे सगळं चालू असताना अण्णा मॅडमकडे बघतच नव्हते. ते खुर्चीच्या कडेवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मॅडमचं बोलून झालं. मी अण्णांकडे वळलो.

"अण्णा, तुम्ही बरोबर ऐकलंत. कडा साफ आहेत. परत कापायचं नाही. हात राहिला."